चोक पूर्ण काढा

शोधकरावांनी आयुष्यात कुणाची 'की' ऱ्हस्व राहू दिली नव्हती. पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात चौतीस वर्षं ते मुद्रितशोधक होते, आणि हा शब्द जिन्यातून हाक मारायला फार लांब पडतो म्हणून सगळे त्यांना शोधकराव म्हणत. बायको चारचौघांत 'अहो' म्हणे आणि घरात तेही म्हणत नसे. इमारतीच्या लिफ्टमध्ये 'कृपया दार निट लावा' अशी सूचना लागली, की संध्याकाळपर्यंत 'निट'चा 'नीट' झालेला असे, तोही लाल शाईत. दार मात्र कुणीच लावत नसे.

त्यामुळे वाहन कार्यालयाची नोटीस आली, तेव्हा शोधकरावांनी ती आधी चुकांसाठी वाचली. दोन सापडल्या. मग मजकुरासाठी वाचली, आणि खुर्चीत बसले. आपली गाडी फार जुनी झालेली असून ती अमुक तारखेला दुपारी बाराच्या आत तपासणीसाठी 'स्वबळावर' हजर करावी. ओढून वा ढकलून आणलेलं वाहन निकामी समजून नोंदवहीतून कमी करण्यात येईल, असा तो मजकूर होता. 'स्वबळावर' मात्र अगदी शुद्ध छापलं होतं.

हातात महिनाभर होता. पण शोधकरावांनी त्या दोन चुका दाखवणारं पत्र कार्यालयाला पाठवलं आणि उत्तराची वाट पाहत बसले. सरकारी कागद दुरुस्त होऊन येण्याआधी त्यावर अंमल करणं त्यांना बरं दिसेना. उत्तर काही आलं नाही. शेवटची तारीख मात्र आली, आणि येताना वर्षातली सगळ्यात कडाक्याची थंडी घेऊन आली.

आता कुणी म्हणेल, गेली नोंदवहीतून तर जाऊ दे, जुनी गाडीच ती. पण ही गाडी साधी नव्हती, ती सासूबाईंची होती. म्हणजे कागदोपत्री शोधकरावांची, पण त्याआधी सासऱ्यांची. सासरे मागच्या थंडीच्या शेवटी गेले आणि गाडी जावयाकडे आली. पाठोपाठ सासूबाईही आल्या, कारण त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि एकटं राहणं जमणार नव्हतं. खुबा बसला होता, पण कंबरेतून वाकायचं नाही असा डॉक्टरांचा हुकूम होता. त्या जुन्या गाडीची पुढची सीट जेवणाच्या खुर्चीइतकी उंच. पाठ लावायची, बसायचं आणि पाय आत घ्यायचे. त्या सीटवर बसून सासूबाई मंगळवारी व्यायामाला जात आणि शुक्रवारी धाकट्या बहिणीकडे. मधल्या काळात एकदा मेहुण्याची नवी कोरी गाडी आणली होती. सासूबाईंना तिच्यात घडी घालून बसवावं लागलं, आणि बाहेर काढायला तीन माणसं लागली. घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, ही सीट गेली की मी गॅलरीतली कुंडी. पाणी घालायला विसरू नका." तेव्हापासून शोधकरावांना त्या गाडीची धास्ती लागून राहिली होती.

तर त्या दिवशी सकाळी आठ वाजता सासूबाई शाल, कानटोपी आणि पाठीला गरम पाण्याची रबरी पिशवी अशा तयारीनिशी पुढच्या सीटवर स्थानापन्न झाल्या.

"आई, तुम्ही कशाला येताय एवढ्या थंडीत?" शोधकराव म्हणाले.

"तपासणी माझ्या सीटची आहे. मी नको तिथे?"

शोधकरावांनी किल्ली फिरवली. गाडी खॉक् खॉक् करून खोकली. पुन्हा फिरवली. गाडी पुन्हा खोकली, पण या वेळी जरा कंटाळून. पाचव्या वेळी ती खोकलीसुद्धा नाही, नुसता एक सुस्कारा टाकला. काचेवर पांढरं दव गोठलं होतं आणि सासूबाईंच्या तोंडातून वाफ येत होती. गाडीच्या तोंडातून तेवढीही येत नव्हती.

गाडी सुरू न होण्याचा आवाज शेजाऱ्यांना फार लांबून ऐकू येतो. पहिल्यांदा विमाकाका उतरले. हे वरच्या मजल्यावर राहत, आणि विमा कंपनीत जन्म घालवल्यामुळे त्यांना कुठल्याही वस्तूचा शेवट आधी दिसे.

"बॅटरी गेली," ते म्हणाले.

"दिवे लागतायत की."

"जाताना लागतातच. आमच्या एका ग्राहकाचे असेच लागत होते." पुढे त्या ग्राहकाचं काय झालं हे त्यांनी सांगितलं नाही, पण सांगण्यासारखं नसावं असा चेहरा केला. मग इंजिन शेकावं असा सल्ला त्यांनी दिला. शेकण्याजोगी एकच वस्तू जवळ होती, ती सासूबाईंच्या पाठीशी. पिशवी इंजिनावर ठेवून वर शालही पांघरण्यात आली. दहा मिनिटांनी इंजिन होतं तसंच थंड होतं, पिशवी गार झाली होती आणि सासूबाई कुडकुडत होत्या.

"एकाची थंडी दोघांत वाटलीत," त्या म्हणाल्या. "आता तरी कुणा जाणत्याला विचारा."

जाणता म्हणजे मिस्त्री. सासऱ्यांच्या वेळेपासून गाडी त्यांच्याच हातची. पण मिस्त्रींचं आदल्याच दिवशी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि ते डोळ्याला पट्टी बांधून दवाखान्यात पडून होते. शोधकरावांनी फोन लावला.

"काय बोलताय, सुरूच होईना? थंडी आहे ना साहेब, मग तसंच होणार. चोक काढा," मिस्त्री म्हणाले.

"चोक?"

"हां, चोक काढा. पूर्ण काढा बरं का, अर्धवट ठेवू नका. आणि मग..."

एवढ्यात पलीकडून एक बाई कडाडल्या, "बोलायचं नाही सांगितलंय ना? डोळ्यावर ताण येतो!" आणि फोन बंद झाला. बोलण्याने डोळ्यावर ताण कसा येतो हे शोधकरावांना कळलं नाही, पण पहिला भाग मात्र लख्ख कळला. निदान त्यांना तसं वाटलं.

चौतीस वर्षं शब्दांत काढलेला माणूस तो. 'चोक काढा' या दोन शब्दांत त्यांना काडीचीही शंका येण्याचं कारण नव्हतं. मागच्याच महिन्यात स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं होतं. प्लंबर आला, तारा घातल्या, आणि हात पुसत म्हणाला, "काढला चोक, साहेब." चोक म्हणजे तुंबलेलं, काढा म्हणजे मोकळं करा. कर्म आणि क्रियापद दोन्ही जागच्या जागी. गाडी कुठेतरी तुंबली होती.

"तरीच खोकते," शोधकराव म्हणाले.

"मला पहिल्यापासून तेच वाटत होतं," विमाकाका म्हणाले. बॅटरीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

बायको गॅलरीतून वाकून विचारत होती, "अहो, कुणाला बोलावू?" शोधकरावांनी क्षणभर विचार केला आणि खालून हाक दिली, "प्लंबरला!" मग बायको आत गेली. लग्नाला तीस वर्षं झाली की काही प्रश्न माणूस विचारत नाही.

प्लंबर अर्ध्या तासात आला. गाडी पाहून तो जरा बावरला.

"यात नळ कुठंय?"

"नळ नाही. चोक आहे. गाडीच्या मिस्त्रींनी स्वतः सांगितलंय, पूर्ण काढायचा."

कामाचं नाव ओळखीचं निघाल्यावर प्लंबरच्या जिवात जीव आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागे सायलेन्सरचं तोंड सापडताच त्याचा चेहरा खुलला. पाइप तो पाइप. त्याने पिशवीतून लांब स्प्रिंगची तार काढली आणि आत सारली. तार चार हात गेली आणि अडली.

"आहे! चोक आहे!" प्लंबर ओरडला.

शोधकरावांना इतका आनंद झाला की त्यांनी विमाकाकांचा हात दाबला. प्लंबरने तार फिरवली, ओढली, आणि बाहेर आला तो वाळक्या पानांचा बोळा, सुतळीचे तुकडे आणि एक मोजा. मोजा कुणाचा यावर थोडी चर्चा झाली. विमाकाकांनी तो आपला नसल्याचं कुणी विचारण्याआधीच सांगितलं.

शोधकराव मोठ्या दिमाखात सीटवर बसले आणि किल्ली फिरवली. खॉक्.

"अजून आत असणार," प्लंबर म्हणाला. "मिस्त्री काय म्हणाले? पूर्ण काढा ना? मग पूर्ण नाही निघाला अजून." मिस्त्रींनी अर्धवट न ठेवण्याची ताकीद दिलीच होती. तार पुन्हा आत गेली, आणि या वेळी जी गेली ती बाहेर येईना. मग प्लंबरने सिंक उपसायचा रबरी पंप काढला. लाकडी दांडा, खाली रबराची वाटी. तारेचं टोक बाहेर लोंबत असतानाच त्याने ती वाटी सायलेन्सरच्या तोंडावर बसवली आणि गुडघे टेकून पंप मारायला सुरुवात केली. भक्क, भक्क, भक्क.

"जावईबापू, गाडीला उचकी लागली की काय?" पुढच्या सीटवरून प्रश्न आला.

"नाही आई, चोक काढतोय."

"काढा, काढा. पण माझी शाल द्या आधी."

साडेदहा वाजले. इतका वेळ लांबून पाहणारी मंडळी जवळ आली होती. सकाळी फिरायला निघालेला एक गृहस्थ तर फिरणं सोडून कुंपणावरच बसला होता. कुणीतरी म्हणालं ढकलू या. नोटिशीत ढकलून आणण्याची बंदी आहे, असं शोधकरावांनी सांगितलं. त्यावर, ढकलून न्यायचं नाही, ढकलून सुरू करायचं, आणि मग स्वबळावर जायचं, असा खुलासा विमाकाकांनी केला. शोधकरावांना तो व्याकरणाला धरून वाटला. सहा जण मागे लागले. सासूबाईंना उतरायची विनंती करण्यात आली.

"उतरायला पंधरा मिनिटं, चढायला वीस," त्या म्हणाल्या. "हिशेब तुम्हीच करा. आणि मी पन्नास किलोचीसुद्धा नाही."

तेव्हा सासूबाईंसकट, मागे रबरी पंप खोवलेल्या अवस्थेत, गाडी इमारतीला एक पूर्ण प्रदक्षिणा घालून होती तिथेच येऊन थांबली. सहाही जण धापा टाकत होते. गाडीच काय ती शांत होती. वाटेत प्रत्येक खिडकीतून लोकांनी पाहिलं, आणि सासूबाईंनी दोघातिघांना हातही केला.

शोधकराव पायरीवर बसले. त्यांना आता थंडी वाजत नव्हती, लाज वाटत होती, आणि लाजेच्याही खाली भीती होती. आज बारा वाजले की मंगळवार नाही, शुक्रवार नाही. या बाईने नवऱ्यामागे फक्त एक सीट मागितली होती, आणि तीही आपल्याला राखता येऊ नये, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी पुन्हा फोन लावला. या वेळी मिस्त्री कुजबुजत बोलले, बहुधा पांघरुणातून.

"काढला का चोक?"

"दोन तास काढतोय. थोडा निघाला. बाकीचा सापडत नाही."

"सापडत नाही? अहो, समोरच आहे!"

"समोर? आम्ही मागून काढतोय."

"मागून?" मिस्त्रींचा आवाज पांघरुणाबाहेर आला. "मागून कोण काढतं?"

"प्लंबर."

पलीकडून असा काही कण्हल्याचा आवाज आला, की शोधकरावांना मिस्त्रींच्या दुसऱ्या डोळ्याचीही काळजी वाटू लागली. मग मिस्त्री लहान मुलाला समजवावं तसे सावकाश, पण चढ्या आवाजात बोलले. "साहेब, चोक म्हणजे बटण. स्टेअरिंगच्या डाव्या अंगाला, खाली, काळं. थंडीत ते बाहेर काढायचं. काढायचं म्हणजे ओढायचं. मग किल्ली मारायची. आणि गाडी गरम झाली की परत आत ढकलायचं. विसरू नका, नाहीतर धूर काढेल."

"मग 'ओढा' म्हणायचं होतं!" शोधकराव तडकले.

"ओढा काय नि काढा काय, बाहेरच येतं ना ते!"

"मोजाही बाहेरच आला!" असं शोधकराव म्हणाले, पण तोवर त्या बाई पोचल्या होत्या आणि फोन पुन्हा बंद झाला.

शोधकराव गाडीत शिरले आणि वाकले. डाव्या अंगाला, खाली, सासूबाईंची हातपिशवी लोंबत होती.

"आई, ही पिशवी कशाला अडकवलीय?"

"त्या खुंटीला. चांगली सोय आहे. उन्हाळ्यापासून तिथेच अडकवते मी."

शोधकरावांनी पिशवी काढली. खाली काळं बटण होतं. ते त्यांनी ओढलं, पूर्ण ओढलं, अर्धवट ठेवलं नाही, आणि किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली, थरथरली आणि असा काही आवाज करून सुरू झाली की कुंपणावरचा गृहस्थ खाली उतरला. मागून फट्कन आवाज झाला. रबरी पंप सायलेन्सरमधून सुटला, पाठोपाठ तार सळसळत बाहेर पडली आणि पंपाचा दांडा जाऊन विमाकाकांच्या पोटरीला लागला.

"निघाला! चोक निघाला!" प्लंबर नाचू लागला. आपल्याच हातून निघाला अशी त्याची आजही समजूत आहे, आणि ती मोडण्याचं धैर्य कुणाला झालं नाही. विमाकाका पोटरी धरून म्हणाले, "मी सांगत होतो, काहीतरी होणार." बायको गॅलरीत कठडा धरून हसत होती. तीन तासांचं हसू होतं ते, एकदम आलं. शोधकरावांनी वर पाहिलं नाही. सव्वाअकरा झाले होते.

रस्ता अर्ध्या तासाचा. गाडी आज जणू मागची सगळी उधारी फेडत होती, नुसती गुरगुरत धावत होती. मात्र मागचे लोक हॉर्न वाजवत होते. शोधकरावांनी आरशात पाहिलं. मागचा रस्ताच दिसत नव्हता, काळा धूर दिसत होता. समोर वाहन कार्यालयाचं फाटक आलं आणि त्यावर पाटी होती, 'धूर सोडणारी वाहने अपात्र'. एरवी शोधकरावांनी पाटी दोनदा वाचली असती. आज एकदाच वाचून घाम फुटला.

"तुमचा मिस्त्री काय म्हणाला होता?" सासूबाईंनी विचारलं. "फोनवर एवढा ओरडत होता, मला इथपर्यंत ऐकू येत होतं. गरम झाली की आत ढकला म्हणाला ना? गाडी गरम झालीय. मीसुद्धा झालेय." आणि त्यांनी हात लांब करून ते बटण आत ढकललं. फाटकातून आत शिरेपर्यंत धूर विरळ झाला आणि रांगेत उभं राहीपर्यंत साफ गेला.

तपासनीस उंच, बारीक आणि सर्दीने बेजार होते. त्यांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, खाली वाकून पाहिलं. मग म्हणाले, "नियमाप्रमाणे तपासणीच्या वेळी वाहन रिकामं हवं. आजींना उतरवा."

शोधकरावांनी घड्याळ पाहिलं. बाराला बारा मिनिटं. उतरायला पंधरा.

"साहेब," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शब्द शोधावा लागला. "ही सीट त्यांच्यासाठीच आहे. ही गाडीच त्यांच्यासाठी आहे. दुसरीत त्यांना बसता येत नाही. उतरवलं तर बारा वाजतील. मग ना गाडी राहील, ना त्यांचं बाहेर पडणं. म्हणून आलोय."

तपासनीसांनी नाक पुसलं. सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सर्दीवर बोलू नये, पण कानटोपी घालत जा बाळ."

तपासनीस फॉर्मवर झुकले आणि 'वाहन रिकामे आहे काय' या रकान्यासमोर त्यांनी 'आसनासह' असं लिहिलं. याचा अर्थ काय, हे शोधकरावांना आजतागायत उमगलेलं नाही.

"बंद करा आणि परत सुरू करा," ते म्हणाले.

शोधकरावांनी डोळे मिटून किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं ते इतकं, की त्यांनी सर्दी झालेल्या तपासनीसांना नमस्कार केला आणि मग फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही केला.

प्रमाणपत्र देणारी खिडकी बाराला बंद होत होती. आतल्या कारकून बाई पर्स आवरतच टाइप करत होत्या. कागद खिडकीतून बाहेर आला, शिक्क्यासकट, सहीसकट. शोधकरावांनी सवयीने वाचला. वर तारीख बरोबर, क्रमांक बरोबर, आणि मधोमध ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'सदर वाहन रस्त्यावर चावण्यास योग्य आहे.'

'चालवण्यास'मधला 'ल' गळला होता.

शोधकरावांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. चौतीस वर्षांत तो असा अर्ध्यावर कधी थांबला नव्हता.

"काय झालं? काही चूक आहे?" कारकून बाईंनी विचारलं. "दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागेल. पंधरा दिवसांनी बोलावतील. तोवर गाडी इथेच जमा."

मागे रांगेत काचेपलीकडे सासूबाई ताठ बसलेल्या दिसत होत्या. मान इकडे वळवून त्या वाट पाहत होत्या, कागदाची की त्यांची कोण जाणे.

"नाही," शोधकराव म्हणाले. "बरोबर आहे."

खिडकी बंद झाली. ते गाडीत येऊन बसले आणि कागद मांडीवर धरला. सासूबाईंचा चष्मा घरी राहिला होता.

"मिळालं?" त्यांनी विचारलं. आवाज एरवीसारखा नव्हता. सकाळपासून ही बाई एकदाही घाबरलेली दिसली नव्हती, ती आत्ता घाबरली होती. "वाचा बघू काय लिहिलंय ते. नीट वाचा."

शोधकरावांनी घसा साफ केला आणि वाचलं, "सदर वाहन रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे."

"परत वाचा."

"चालवण्यास," शोधकरावांनी 'ल' अगदी ठासून उच्चारला, "योग्य आहे, आई."

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले, शाल नीट केली आणि म्हणाल्या, "मग चला की. आज शुक्रवार आहे."